स्वस्त सोप्रानो युकुलेले: दोष अर्ध्या मिलिमीटरचा, शिव्या लाकडाला

प्लायवूडचं, चकचकीत रंगाचं, कापडी पिशवीतलं सोप्रानो युकुलेले, म्हणजे गिटारसारख्या चार तारांच्या वाद्याचा छोटा आकार, हातात आलं. ट्यूनर लावून चारही तारा नीट सुरात आणल्या. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरली, छान वाजली. एफ धरली आणि काहीतरी खटकलं. नव्या माणसाला वाटतं, आपला कान कच्चा आहे किंवा बोटं वाकडी पडतात. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. सी कॉर्डमध्ये बोट एकाच जागी, ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) असतं. एफमध्ये ई तार पहिल्या फ्रेटवर आणि जी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबावी लागते. सी सुरात आणि एफ बेसूर असेल तर नट उंच आहे, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पांढरी पट्टी. कारखान्यात ती खाच खोल करायला जो एक मिनिट लागतो, तो या वर्गातल्या वाद्यावर सहसा कोणी घालवत नाही.

म्हणून या वर्गाला गुण दोनदा द्यावे लागतात. खोक्यातून निघालेल्या अवस्थेत पाचपैकी दोन. नव्या तारा घालून, नट आणि सॅडलवर (तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) दोन-तीन तास कानस आणि पॉलिश पेपर चालवल्यावर साडेतीन. उरलेला दीड गुण आवाजाचा. तो कानशीने मिळत नाही.

या दुरुस्तीत वाद्याची विटंबना वगैरे काही होत नाही. १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेरा बेटावरचे लोक होनोलुलूला उतरले, त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तिघं होते. लाकूडकाम हाच त्यांचा धंदा होता आणि त्यांच्याच हातून मदेराच्या माशेते या छोट्या तंतुवाद्याचं युकुलेले झालं. हे वाद्य जन्मापासूनच सुतारांचं आहे.

घेण्याआधी: जे सुधारत नाही तेवढंच तपासा

तारांचा दर्जा, खुंट्यांचा चकचकीतपणा, पिशवी या गोष्टींवर वेळ घालवू नका. यातलं सगळं नंतर बदलता येतं. बदलता येत नाहीत त्या तीन गोष्टी: ब्रिजची (समोरच्या फळीवर चिकटवलेल्या, सॅडल आणि तारा धरणाऱ्या ठोकळ्याची) जागा, दांडीचा सरळपणा आणि दांडीचा कोन.

ब्रिजची जागा स्टीलच्या पट्टीने मोजता येते. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मधोमध किती मिलिमीटर, ते पाहा. मग बाराव्या फ्रेटपासून सॅडलच्या माथ्यापर्यंत. बारावा फ्रेट म्हणजे तारेचा मध्य, त्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दुसरा १ ते २ मिमी जास्त असावा, कारण दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. ही जादा लांबी तो चढ खाऊन टाकते. तारेची लांबी साधारण ३४६ मिमी असलेल्या सोप्रानोवर सॅडल असायला हवं त्यापेक्षा २ मिमी जवळ बसलं, तर बाराव्या फ्रेटचा सूर सुमारे १० सेंट चढतो. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट, आणि सरावलेल्या कानाला ५-६ सेंटचा फरक कळतो. २ मिमीची चूक सॅडलचा माथा तिरका घासून थोडीफार निभावता येते. ४-५ मिमीची चूक असेल तर वाद्य परत करा. ब्रिज उखडून दुसरीकडे चिकटवण्याइतकं काही ते मोलाचं नसतं.

दांडी पाहायला वेगळं हत्यार लागत नाही, ताणलेली तार हीच सरळ पट्टी. एक तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि मध्ये, सहाव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहा. कागद सरकेल इतकी फट उत्तम. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दांडी वाकली आहे. स्वस्त युकुलेलेच्या दांडीत गिटारसारखा लोखंडी रॉड सहसा नसतो, त्यामुळे ती सरळ करायची सोय नाही. मग वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून नटकडून ब्रिजकडे एकदा नजर टाका. दांडी पिळलेली असेल तर फ्रेट एकमेकांना समांतर दिसत नाहीत.

कोन चुकला आहे का, ते बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे यावरून आणि सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतं यावरून समजतं. तार ४ मिमी उंच आणि सॅडल ब्रिजबाहेर जेमतेम १ मिमी, अशी जोडी दिसली की सोडून द्या. उंची कमी करायला घासायचं कुठून, सॅडल तर आधीच संपलेलं.

मग बोटाच्या पेराने समोरच्या फळीवर आणि मागे सगळीकडे टकटक करा. आतून खुळखुळ किंवा फडफड ऐकू आली तर आतली आधारपट्टी सुटली आहे. भोकातून हात जाईल अशा जागी असेल तर ती चिकटवता येते, नाहीतर नाही.

ऑनलाइन मागवलं असेल तर या तपासण्या पहिल्याच दिवशी करा, आणि निर्णय होईपर्यंत कानस लावू नका. एक खाच जरी खोल केली तरी माल परत घेतला जाईलच असं नाही.

लेबलवरच्या ‘महोगनी’ शब्दाला भुलू नका. प्लायवूडच्या वरच्या पातळ थराचंही नाव तेच असतं. भोकाच्या कडेला बोट फिरवून नीट बघा. लाकडाची रेघ वरून कडेवर उतरून सलग जात असेल तर फळी एकसंध. थर दिसले तर प्लायवूड. आणि या वर्गात प्लायवूड ही वाईट गोष्टही नाही. एकसंध फळीला ४० ते ६० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर ती तडकते किंवा फुगते. प्लायवूड खोलीच्या कोपऱ्यात वर्षभर पडून राहिलं तरी बहुधा तसंच असतं.

आकाराबद्दल एवढंच: सोप्रानोच्या तारेची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टची ३८, टेनरची ४३. तिघांचे सूर तेच, जी-सी-ई-ए. बॅरिटोन ५० सेंटिमीटरच्या आसपास आणि त्याचे सूर वेगळे, डी-जी-बी-ई. पहिलं युकुलेले म्हणून ते घेऊ नका, शिकवणीच्या कॉर्ड जुळणार नाहीत. बोटं जाड आहेत म्हणून कॉन्सर्ट घेणाऱ्यांनी नटची रुंदी जरूर मोजावी. कित्येक ठिकाणी सोप्रानो आणि कॉन्सर्ट दोन्हींचा नट ३५ मिमीच्या आसपासच असतो. फ्रेटांमधलं अंतर वाढतं, तारांमधलं वाढत नाही.

तारा आधी, नट नंतर

हा क्रम उलटा झाला की काम दोनदा करावं लागतं. प्रत्येक प्रकारच्या तारेची जाडी वेगळी. जुन्या तारेच्या मापाने कापलेल्या खाचेत जाड तार घातली तर ती तळाला न बसता वरच अडकते आणि उंची पुन्हा वाढते. पातळ तार रुंद खाचेत सैल पडून खडखडते. म्हणून कायमच्या तारा ठरवा, त्या घाला, मगच कानस उचला.

सोबत येणाऱ्या तारा बहुधा साध्या नायलॉनच्या, कधी काळ्या आणि दोरीसारख्या ताठ असतात. त्यांची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही, आणि जाडी असमान असली की कोणत्याही नटवर ती तार सुरात वाजत नाही. बदलायला दोन रास्त पर्याय आहेत. इटलीच्या अ‍ॅक्विलाच्या नायलगट तारा: पांढरट, हाताला किंचित खरखरीत, आवाज मोकळा आणि मोठा. जाड रंगाखाली गुदमरलेल्या प्लायवूडला या तारा तोंड फोडतात, त्यामुळे या वर्गासाठी पहिली पसंती त्यांनाच. दुसरा पर्याय फ्लुरोकार्बन, म्हणजे मासेमारीच्या गळाला वापरतात तोच पदार्थ. त्याची घनता जास्त असल्याने तार पातळ राहते, आवाज स्वच्छ आणि थोडा आखडता येतो, आणि हवामान बदललं तरी सूर कमी हलतो. सॅडलची जागा थोडी चुकलेली असेल तर पातळ तार ती चूक जरा झाकते.

स्टीलच्या तारा कधीही घालू नका. त्यांचा ताण नायलॉनपेक्षा बराच जास्त असतो. ब्रिज उखडतो, नाहीतर फळीला पोट येतं.

ब्रिजवर गाठ मारायच्या दोन पद्धती आहेत. ब्रिजला खाचा असतील तर तारेच्या टोकाला गाठ मारून ती खाचेत अडकवायची. पातळ ए तारेची गाठ निसटते, तिला दुहेरी गाठ मारा. ब्रिजला आडवी भोकं असतील तर तार भोकातून मागे काढा, वरून वळवून स्वतःखालून घ्या आणि पीळ द्या. जाड तारेला दोन पीळ पुरतात, ए तारेला तीन. शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे. तो माथ्यावर राहिला तर ताण आल्यावर गाठ सुटून तार फटकन उडते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे, आणि वेढे वरून खाली उतरत जावेत म्हणजे तार नटवरून खालच्या दिशेने ओढली जाते.

नव्या तारा चार दिवस ते आठवडाभर ताणत राहतात. दर अर्ध्या तासाने सूर उतरणं हा बिघाड नाही. बाराव्या फ्रेटपाशी तार बोटाने हलकेच उचलून ओढा, सुरात आणा, पुन्हा ओढा. असं दहा-बारा वेळा केलं की निम्मा त्रास पहिल्याच संध्याकाळी संपतो.

नट

बेसूरपणाचं कारण साधं आहे. तार फ्रेटपासून जितकी उंच, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. गिटारवर नटपासून पहिला फ्रेट साधारण ३६ मिमी दूर असतो, सोप्रानोवर साडेएकोणीस मिमी. म्हणजे तेवढीच उंची निम्म्या अंतरात उतरावी लागते. गिटारवर खपून गेलेला अर्धा मिलिमीटर इथे पहिल्या फ्रेटचा सूर १५-२० सेंट चढवतो. फ्रेट जसजसा नटपासून दूर जातो, तसा हा परिणाम विरतो. म्हणूनच तिसऱ्या फ्रेटवरची सी कॉर्ड बरी वाजते आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच्या एफ आणि डी मायनर खटकतात. बी फ्लॅट धरताना पहिल्या फ्रेटवर बोट आडवं टाकून मनगट दुखतं, त्यातही निम्मा वाटा या उंचीचाच.

तपासणी अशी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते बघा. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक किंवा दोन कागद सरकतील इतकी फट हवी. तीन-चार कागद किंवा पोस्टकार्ड जात असेल तर खाच खोल करायची. ट्यूनरवर खात्री करून घ्या: मोकळी तार नेमकी सुरात लावा, पहिला फ्रेट दाबा आणि काटा किती चढतो ते पाहा. चारही तारा वेगवेगळ्या तपासा. बहुधा सी तार सगळ्यात वाईट निघते, कारण ती सगळ्यात जाड आणि तिची खाच मात्र बाकीच्यांइतकीच कापलेली.

नटच्या खास कानशी मिळतात, पण एका युकुलेलेसाठी त्या घेण्याची गरज नाही. गॅस वेल्डिंगच्या नोझलची भोकं साफ करायच्या खरखरीत काड्यांचा संच मिळतो, त्यात अर्ध्या मिलिमीटरपासून पुढच्या जाडीच्या काड्या असतात आणि त्या गोल खाच कापतात. गिटारची जुनी गुंडाळीदार तार करवतीसारखी मागेपुढे ओढली तरी प्लॅस्टिक कापलं जातं. काडी तारेपेक्षा अगदी थोडी जाड निवडा: ए तार ०.६ मिमी असेल तर ०.७ ची काडी. त्रिकोणी कानस वापरू नका. ती इंग्रजी व्ही आकाराची खाच करते, त्यात तार चिमटली जाते आणि सूर लावताना टक्-टक् करत उड्या मारते.

फ्रेटबोर्डवर आणि वरच्या टोकावर मास्किंग टेप लावून घ्या. एका वेळी एकच तार सैल करून बाजूला सरकवा, बाकीच्या ताणलेल्याच राहू द्या, म्हणजे नट जागेवर दाबलेला राहतो. काडी खुंट्यांच्या बाजूला थोडी खाली झुकवून धरा, साधारण दहा अंश. खाचेचा सगळ्यात उंच बिंदू फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच राहिला पाहिजे. खाच सपाट राहिली किंवा उंच बिंदू मागे सरकला, तर तार कडेवर थरथरत राहते आणि तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझण येते. तंबोऱ्यात ती मुद्दाम जुळवतात. युकुलेलेवर ती तक्रारच.

तीन-चार वेळा काडी ओढायची, तार परत सुरात आणायची, कागद सरकवून बघायचं. मग पुन्हा तीन-चार वेळा. कंटाळवाणं काम आहे आणि घाई इथेच नडते. प्लॅस्टिक मऊ असतं, दहा जोरकस फटक्यांत खाच पार खाली जाते. दोन कागदांची फट आली की पुढे जाऊ नका. एका कागदापर्यंत नेण्याचा मोह होतो, पण जोरात स्ट्रम करणाऱ्याच्या (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणाऱ्याच्या) हातात ती तार मोकळी वाजताना पहिल्या फ्रेटवर आपटते.

खाच खोल गेलीच तर खाण्याचा सोडा चिमूटभर तिच्यात दाबून भरा आणि वर पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा. मिश्रण क्षणात गरम होऊन दगडासारखं घट्ट होतं. डोळे दूर ठेवा, वाफ झोंबते. मग पुन्हा हळूहळू कापा. ही भर हाडाइतकी टिकत नाही, पण नायलॉनच्या तारेखाली बरीच वर्षं निघते.

चारही खाचा सारख्याच उंच असतील तर नट काढून खालून घासणं सोपं वाटतं. नट आधी उलटा करून बघा. स्वस्त नट बरेचदा आतून पोकळ असतात आणि खालून घासले की दोन पातळ भिंतीच उरतात. नट काढताना कडेच्या रंगावर आधी ब्लेडने रेघ मारा, नाहीतर दांडीच्या रंगाचा टवका उडतो.

सॅडल

नट झाल्यावरच सॅडलकडे या. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच ते तीन मिमी हवं. साडेतीन असेल आणि तीनवर आणायचं असेल, तर सॅडल अर्धा नव्हे, एक मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे आणि सॅडलवरचा बदल तिथे निम्माच पोचतो. हा हिशेब विसरून काम करणारे तीनदा तारा काढतात.

तारा सैल करून सॅडल पक्कडीने सरळ वर ओढा. खालच्या कडेपासून हव्या त्या अंतरावर टोकदार पेन्सिलने रेघ मारा. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून सॅडल उभं धरा आणि एकाच दिशेने घासा. बोटांच्या दाबाने ते एका बाजूला झुकतं, म्हणून दर वीस फेऱ्यांनी उलटं फिरवा. रेघेच्या जरा अलीकडे थांबून २४० नंबरवर संपवा. तळ सपाट आणि काटकोनात नसेल तर सॅडल ब्रिजच्या खाचेत टेकत नाही आणि आवाज मरतो. ‘सॅडल हाडाचं करा, आवाज खुलेल’ हा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. नीट टेकलेलं प्लॅस्टिक हे वाकड्या तळाच्या हाडापेक्षा चांगलं वाजतं.

घासल्यावरही ब्रिजच्या वर किमान २ मिमी सॅडल दिसलं पाहिजे, नाहीतर तारेला वळायला कोन उरत नाही. उंची चुकून कमी झाली तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची पट्टी कापून खाली सरकवा. सॅडल खाचेत सैल असेल आणि तारांच्या ओढीने पुढे कलत असेल, तर मागच्या बाजूला कागदाची किंवा पातळ लाकडाची पट्टी घाला. कललेलं सॅडल तारेची लांबी अर्धा-एक मिमी कमी करतं, म्हणजे वरचे सूर चढतात.

आता बाराव्या फ्रेटवर शेवटची परीक्षा. तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढला तर त्या तारेखाली सॅडलचा माथा पुढून घासून टेकण्याचा बिंदू मागे न्या. उतरला तर मागून घासा. ५-७ सेंटच्या आत आला की हात आवरा.

फ्रेट, खुंट्या, ब्रिज

फ्रेटची टोकं हाताला टोचतात, कारण फ्रेटबोर्डचं लाकूड वाळून आकसतं आणि धातू आकसत नाही. बारीक सपाट कानस तिरकी धरून दोन्ही कडांवरून फिरवा. दहा मिनिटांचं काम. एकाच फ्रेटवर झणझण येत असेल तर दोष बहुधा त्याच्या पुढच्या फ्रेटचा, तो वर आलेला असतो. एखाद्या कडक कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर ठेवा. ती डुगडुगली तर मधला उंच आहे. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून छोट्या हातोडीने ठोका, बसत नसेल तर कडेने पातळ सुपरग्लूचा थेंब सोडून दाबून धरा. ज्या प्लॅस्टिकच्या युकुलेलेचे फ्रेट फ्रेटबोर्डसकट साच्यात ओतलेले असतात, त्यांवर यातलं काही चालत नाही. ते जसं आलं तसंच. पण साचा अचूक असेल तर ते पहिल्या दिवसापासून सुरात असतं. वाद्यं बनवणाऱ्या मारिओ मक्काफेरींचं १९४९चं प्लॅस्टिकचं ‘आयलंडर’ लाखोंनी खपलं आणि सुरात वाजायचं. फ्रेट आणि ब्रिज जागच्या जागी असतील तर प्लॅस्टिकही सुरात बोलतं.

खुंट्या दोन तऱ्हेच्या. घर्षणावर चालणाऱ्या सरळ मागे निघतात आणि त्यांच्या टोकाला स्क्रू असतो. सूर घसरत असेल तर हा स्क्रू पाव फेरा आवळा, इतकंच. जास्त आवळला की खुंटी झटक्याने फिरते आणि सूर पकडता येत नाही. एक फेरा म्हणजे एक फेरा, त्यामुळे बोटभर हालचालीतही सूर खूप हलतो. नवशिक्याने गिअरच्या खुंट्याच घ्याव्यात, चौदा-पंधरा फेऱ्यांत दांडा एकदा फिरतो. गिअरच्या दातांत थोडी ढील असतेच, म्हणून सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला तर आधी पुरता उतरवून पुन्हा चढवा. वरून खाली आणून सोडलेला सूर दुसऱ्या गाण्यापर्यंत उतरतो आणि दोष खुंटीला लागतो. सोप्रानोवर मोठ्या गिअरच्या खुंट्या बसवल्या तर टोक जड होऊन वाद्य सारखं खाली झुकतं, तेवढं मात्र बघून घ्या.

ब्रिज उचलला जाणं हे या वर्गाचं जुनं दुखणं. कारण एकच, तो लाकडावर न चिकटवता रंगावर चिकटवलेला असतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. कागद दोन-तीन मिमी आत गेला तर तारा लगेच सैल करा, फळी फाटण्याआधी. पातळ पट्टी घालून ब्रिज हळूहळू पूर्ण सोडवा. त्याच्या वरच्या ठिपक्यांखाली स्क्रू असू शकतात, जोर लावण्याआधी ठिपके उचकून बघा. ब्रिज होता तेवढ्याच जागेतला रंग खरवडून लाकूड उघडं करा, ब्रिजचा तळही घासून घ्या. सुतारकामाचा पांढरा गोंद पातळ लावा, भोकातून आत लाकडाचा ठोकळा धरून क्लॅम्पने आवळा आणि २४ तास हात लावू नका. इथे सुपरग्लू नको. तो ठिसूळ होतो आणि तारांच्या सततच्या ओढीपुढे टिकत नाही.

उरलेला दीड गुण

जाड रंग आणि प्लायवूडची फळी यांमुळे आवाज आखूड राहतो. सूर उमटतो आणि लगेच विझतो. रंग खरवडण्याचे व्हिडिओ असतात, ते काम सहसा फळी पातळ-जाड होऊन संपतं. त्या वाटेला जाऊ नका. या पैशांत आवाज हवा असेल तर मॅट रंगाचं किंवा नुसतं पॉलिश केलेलं मॉडेल निवडा. चकचकीत, चित्रं छापलेलं टाळा. स्वस्तात मकाला डॉल्फिनचं नाव बरेच जण घेतात आणि त्याचा डॉल्फिनच्या आकाराचा ब्रिज पाहून हसतातही. ब्रिजच्या आकाराने काही बिघडत नाही, मात्र तारा आणि नट यांचं वर सांगितलेलं काम कोणत्याही ब्रँडवर तपासूनच सोडा, एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक निघतो.

ज्या वाद्याला फ्रेटऐवजी नुसत्या रेघा किंवा रंगीत पट्ट्या आहेत, ज्याची दांडी आणि खोका एकाच पोकळ प्लॅस्टिकचे आहेत आणि पाठीवर वयोगट छापला आहे, ते खेळणं आहे. त्यावर कानस चालवू नका.

सोबत क्लिपचा ट्यूनर घ्या. तो वरच्या टोकाला लागतो आणि लाकडाची कंपनं टिपतो, त्यामुळे गोंगाटातही चालतो. त्यावर ए ४४० हर्ट्झ दिसतंय याची खात्री करा; बटण चुकून दाबलं जाऊन ते ४३८ किंवा ४४२ झालेलं असतं आणि मग रेकॉर्डिंगसोबत वाजवताना सगळंच अंगावर येतं. नव्या तारा आठवडाभराने स्थिरावल्या की नटवरची कागदाची तपासणी पुन्हा एकदा करा. तार खाचेत बसते तसा एखादा कागद कमी झालेला असतो, म्हणूनच पहिल्या दिवशी दोन कागदांवर थांबायचं.